एसटी, संमतीपत्र आणि दंडावरची चकती: मधुमेहाच्या ट्रायलमध्ये भाग घेतला त्याची हकिगत

मधुमेहाच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये नाव घालावं का, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात. फोनवर सगळं सांगून होत नाही आणि अर्धवट सांगितलं की समोरचा जास्तच घाबरतो. म्हणून एकदा बैजवार लिहून काढते. औषधाचं, कंपनीचं आणि रुग्णालयाचं नाव देणार नाही. ट्रायल अजून पूर्ण संपलेली नाही आणि मला सांगायचंय ते नावांवाचून अडत नाही.

मी साताऱ्याची. एका पतसंस्थेत नोकरी, वय तेव्हा ५३. मधुमेह २०१६ पासून. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी सकाळ-संध्याकाळ, चालणं जमेल तसं. २०२३ ची दिवाळी झाली आणि तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीएवनसी, ८.६ आली. सरासरी शुगर साधारण २०० धरा. आमचे डॉक्टर म्हणाले, "आता दुसरी गोळी जोडावी लागेल. पण पुण्यात एक ट्रायल चाललीय, त्यात नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेले आणि शुगर आटोक्यात नसलेलेच लोक घेतायत. जायचा विचार असेल तर मी आत्ता काही सुरू करत नाही. नसेल तर आजच लिहून देतो."

मी सरळ विचारलं, "डॉक्टर, मला पाठवलं तर तुम्हाला काही मिळतं का?" ते हसले. म्हणाले, "नाही, पण विचारलंत ते बरं केलंत. हाच प्रश्न तिथेही विचारा." माझी भीड तिथेच चेपली.

घरी एकमत होणं शक्यच नव्हतं. दादा फोनवर म्हणाला, "तुझ्यावर प्रयोग करणार ते, गिनिपिग करतील." यांचं म्हणणं, फुकट तपासण्या होतायत तर काय बिघडलं. दोघांचंही मला पटलं नाही. भाचीने मग इंटरनेटवर सीटीआरआय उघडून दिली. भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची ही सरकारी नोंदवही, आयसीएमआर चालवतं. जून २००९ पासून इथे नोंदणी केल्याशिवाय ट्रायल सुरूच करता येत नाही. पुण्याहून मागवलेला नोंदणी क्रमांक तिथे टाकला तर सगळं समोर आलं: किती आठवड्यांची ट्रायल, कुठकुठल्या शहरांत, कोणाला घेणार, कोणाला नाही, ट्रायलमधल्या लोकांचं हित बघणाऱ्या कुठल्या एथिक्स कमिटीची मंजुरी आहे आणि कुठली बाकी आहे. कोणी ट्रायलबद्दल विचारलं तर पहिल्यांदा हा क्रमांक मागा. द्यायला टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरा.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा गेले. संमतीपत्र मराठीत होतं, पण ते मराठी वाचताना घाम फुटतो. वीसेक पानं. "यादृच्छिकीकरण" म्हणजे काय हे मला तिथल्या कोऑर्डिनेटर मुलीने सांगितलं: कुठल्या गटात जायचं ते कॉम्प्युटर ठरवणार. अर्ध्या लोकांना खरं औषध, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. मेटफॉर्मिन दोघांचंही चालू. कोणाला काय मिळतंय हे ना मला कळणार, ना तिला, ना तिथल्या डॉक्टरांना. असं २४ आठवडे.

मी विचारलं, "आणि मला प्लासिबोच मिळाली आणि शुगर चढतच गेली तर?" त्यांनी पान काढून दाखवलं. उपाशीपोटीची शुगर ठरलेल्या मर्यादेच्या वर गेली तर दुसरं, आधीपासून वापरात असलेलं औषध त्यांच्या खर्चाने सुरू करायचं. ती मर्यादाही आठवड्यांगणिक खाली येत जाते. हे पान मी दोनदा वाचलं. संमतीपत्रातलं एकच पान वाचायला वेळ असेल तर हे वाचा. दुसरं वाचायचं ते इजा झाल्यास काय याचं. २०१९ च्या नियमांनुसार ट्रायलमध्ये इजा झाली तर उपचार मोफत द्यावे लागतात. ती इजा ट्रायलमुळे झालेली नाही असं सिद्ध होईपर्यंत तरी ते थांबवता येत नाहीत. ट्रायलमुळेच झाली असेल तर भरपाई वेगळी.

फॉर्मवर शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात. नॉमिनी वाचून यांचा चेहरा उतरला. "हे काय एलआयसी आहे का?" मृत्यू झाला तर भरपाई कोणाला द्यायची, त्यासाठी तो रकाना असतो. नियमातच आहे, तुमच्यात काही विशेष दिसलं म्हणून नाही. आम्ही त्या दिवशी सही न करता कागद घेऊन घरी आलो. कोणी अडवलं नाही, उलट वाचून या म्हणाले. आठवड्याने जाऊन सही केली आणि सही केलेली एक प्रत मागून घेतली. मागायची वेळ येऊ नये, ती द्यायचीच असते. पण गर्दीत राहून जाते. त्या प्रतीवर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो. ही कमिटी डॉक्टरांचीच असते असा माझा समज होता. निदान सात सदस्य लागतात, त्यांत कायदा जाणणारा एक आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा माणूसही लागतो.

शेजारच्या खोलीत त्याच दिवशी एका आजोबांची संमती चालली होती. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून एक त्रयस्थ साक्षीदार आणि समोर कॅमेरा. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये अशा लोकांची संमती चित्रित करावीच लागते. ही अट २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टात चाललेल्या प्रकरणातून आली. डॉक्टरांनी प्रत्येक मुद्दा सांगून "समजलं का आजोबा?" म्हणायचं आणि आजोबांनी स्वतःच्या शब्दांत परत सांगायचं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "अरे पोरा, लग्नात बी इतक्या येळा इचारलं न्हवतं." बाहेर बसलेले सगळे हसले. पण मला वाटलं, वाचता येणाऱ्यांकडूनही असं वदवून घ्यायला हवं. आम्ही मान डोलावून मोकळे होतो.

मग तपासण्या. रक्त, लघवी, ईसीजी, वजन, रक्तदाब, किडनी, लिव्हर. इथेच कळलं की सही केली म्हणजे निवड झाली असं नसतं. तीन महिन्यांची शुगर ठरावीक आकड्यांच्या मध्येच हवी, किडनी चांगली हवी, मेटफॉर्मिनचा डोस गेले काही महिने बदललेला नसावा. माझी मेटफॉर्मिनची सगळी जुनी चिठ्ठी-चपाटी फाइलला होती, म्हणून निभावलं. बरोबर आलेल्या एका बाईंकडे काहीच नव्हतं, त्यांना परत पाठवलं. जुनी प्रिस्क्रिप्शनं टाकू नका.

रिपोर्ट आठवड्याभरात येतील म्हणाले होते. दहाव्या दिवशी फोन आला की एक नमुना वाटेत खराब झाला, पुन्हा द्यावा लागेल. पुन्हा पहाटेची एसटी, पुन्हा उपाशीपोटी. निकाल कळायला जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. या महिनाभरात शुगर ८.६ चीच होती आणि दुसरी गोळी सुरू नव्हती, याची टोचणी मला सगळ्यात जास्त लागली. पुढे कधी ट्रायलला गेलात तर "निवड व्हायला जास्तीत जास्त किती दिवस?" हे आधी विचारून घ्या आणि आपल्या डॉक्टरांनाही कळवत राहा.

उपाशीपोटी प्रवासाचं सांगते. आदल्या रात्री नऊच्या आत जेवण, पहाटे पाचच्या सुमाराची स्वारगेट गाडी, खंबाटकी उतरेपर्यंत उजाडायचं. पाणी चालतं, भरपूर प्यावं. शीर लवकर सापडते. त्या सकाळची गोळी घ्यायची नाही, रक्त दिल्यावर घ्यायची. डब्यात भाकरी-भाजी न्यायची, कारण रक्त देऊन झालं की मिळतं ते कॅन्टीनमधलं बटाटावडा नाहीतर क्रीमचं बिस्किट. मधुमेहाच्या ट्रायलच्या दारात हे, आता काय बोलायचं! तिकीट मात्र आम्हा बायकांना मार्च २०२३ पासून अर्धंच. ट्रायलवाल्यांकडून दर फेरीला प्रवासखर्च म्हणून ठरलेली रक्कम मिळायची, एथिक्स कमिटीने मंजूर केलेली. रिक्षा, तिकीट धरून ती पुरायची, बुडालेली रजा मात्र त्यात निघत नव्हती. पहिले पैसे खात्यात यायला दीड महिना लागला. पासबुकाची झेरॉक्स, रद्द केलेला चेक आणि पॅन पहिल्याच दिवशी देऊन टाका.

ट्रायलमध्ये दिवसरात्र शुगर नोंदवणारा सेन्सरही अंगावर लावायचा होता, त्यासाठी वेगळी संमती होती. देणं ऐच्छिक, मी दिली. साधारण साडेतीन सेंटीमीटर व्यासाची पांढरी चकती दंडाच्या मागच्या बाजूला एका खटक्यात बसते. आत केसासारखी बारीक तार राहते. दुखत नाही, दचकायला होतं. ती दर पंधरा मिनिटांनी नोंद करते आणि चौदा दिवस राहते. आंघोळ चालते. ब्लाउजची बाही घट्ट असेल तर घालता-काढताना चकती अडकते, तेवढे दिवस सैल बाह्यांचे ब्लाउज वापरले. हळदीकुंकवाचे दिवस होते. वाण घ्यायला हात पुढे केला की बाहीखालून चकती डोकावायची आणि प्रत्येकीला ती काय आहे ते सांगायचं. एक काकू म्हणाल्या, "मग आत्ता किती आहे तुझी शुगर?"

तेच तर मला माहीत नव्हतं. हा सेन्सर बंद डोळ्यांचा. नोंदी आत साठतात, पेशंटला काही दिसत नाही. बाजारात मिळणाऱ्या सेन्सरचा आकडा मोबाइलवर दिसतो, ट्रायलमध्ये मुद्दाम दिसू देत नाहीत. आकडा दिसला की माणूस भात कमी वाढून घेतो, आणि मग शुगर उतरली ती औषधाने की घाबरून, हे सांगता येत नाही. कारण पटलं. तरीही स्वतःच्या दंडावर स्वतःची शुगर लिहिली जातेय आणि ती आपल्यालाच वाचता येत नाही, याचा राग यायचाच. पूर्ण ट्रायलभर मला जड गेलं ते हे. सुया नाही गेल्या.

७ फेब्रुवारी २०२४ ला कॉम्प्युटरने डबा क्रमांक दिला आणि गोळ्या सुरू झाल्या. पुढचे महिने तसे एकसुरी गेले. दर भेटीला उरलेल्या गोळ्या आणि रिकामी पाकिटं परत न्यायची. कोऑर्डिनेटर निळ्या ट्रेवर गोळ्या ओतायची आणि चपट्या पट्टीने पाच-पाचच्या जोड्या सरकवत मोजायची. उरायला हव्यात त्यापेक्षा दोन जास्त निघाल्या की, "काकू, कुठल्या दिवशी राहिली?" मग डायरी काढायची. एक गोळी पिठाच्या डब्यामागे सापडली होती, तीही नेऊन दिली. डायरीत उपास लिहायचे, आजारपण लिहायचं, बाहेरून घेतलेलं प्रत्येक औषध लिहायचं. शेजारणीने दिलेला गुळवेलीचा काढासुद्धा. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसाने काही सेन्सरचे आकडे चुकतात, म्हणून तेही खोदून विचारतात.

"अॅडव्हर्स इव्हेंट" हा प्रकार मात्र गमतीचा. ट्रायल चालू असताना तुम्हाला जे जे होईल ते सगळं लिहून घेतात, औषधाशी संबंध असो वा नसो. दारात बोट चेमटलं, तेही लिहिलं. सुरुवात कधी, संपलं कधी, काय औषध घेतलं. आधी मला हे फाजील वाटलं. मग लक्षात आलं, की गोळीने चक्कर येत असेल तर कोणाचं तरी बोट दारात सापडणारच, आणि शेकडो माणसांच्या अशा नोंदी एकत्र केल्यावरच ते दिसणार.

एप्रिलमध्ये एकदा खरंच घाबरले. दुपारी बँकेतून परत येताना दरदरून घाम आणि हाताला कापरं. त्यांनी दिलेलं ग्लुकोमीटर पर्समध्ये होतं. ६४. सत्तरच्या खाली म्हणजे कमीच. तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ९१. मग फोन केला. ट्रायलचं ओळखपत्र पाकिटात ठेवायला सांगतात, त्यावर चोवीस तासांचा नंबर असतो. त्यांनी दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं, ईसीजी केला, काय खाल्लं होतं ते तासागणिक विचारलं. त्या दिवशी हिशेब तपासणीमुळे माझं जेवण राहिलं होतं. दादाला वाटलं, बघ, औषध खरं आहे म्हणूनच शुगर उतरली. मलाही मनातून तसंच वाटलं. पण उपाशी राहून, उन्हातून चालून एखाद्याची तशीही उतरू शकते. अंदाज बांधायचा मोह सुटत नाही हेच खरं.

ग्लुकोमीटरबद्दल दोन गोष्टी. हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच टोचा. मे महिन्यात आंबा खाऊन नुसता हात पुसला आणि मीटरने २४० दाखवले, धुऊन पाहिलं तर १७०. आणि टोचायचं ते बोटाच्या टोकावर नाही, कडेला, दुखतं कमी. मीटरचा आकडा लॅबशी तंतोतंत जुळला नाही तर मीटर बिघडलं असं नसतं. शंभराच्या वर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक मीटरच्या आंतरराष्ट्रीय मानकातही चालवून घेतात.

दुसरा सेन्सर जुलैत लावला, या वेळी उजव्या दंडावर. १७ जुलैला आषाढी एकादशी त्याच्या पोटात आली. कोऑर्डिनेटरला विचारलं, उपास करू ना? म्हणाली, "नेहमी करता ना काकू? मग करा. आमच्यासाठी वेगळं काही करू नका, फक्त डायरीत लिहा." केला. साबुदाण्याची खिचडी, वरईचे तांदूळ, रताळ्याचा कीस. लिहिलं सगळं.

२४ जुलैला शेवटची मोठी भेट झाली. गोळ्या थांबल्या. त्यानंतर काही आठवड्यांनी विचारपूस करणारा एक फोन आणि एक तपासणी, की ट्रायलशी संबंध संपला. मी आधीच लेखी मागून ठेवलं होतं, म्हणून दोन्ही सेन्सरचे आलेख ऑगस्टमध्ये हातात पडले. ते उलगडून बसले त्या संध्याकाळी स्वयंपाक उशिरा झाला.

चौदा दिवस एकावर एक ठेवून एकच दिवस काढतात. मधे जाड रेघ, बाजूला फिकट पट्टा. आमच्या पतसंस्थेत अकराला चहा आणि पोहे येतात. बरोबर बाराच्या आसपास रेघ २६० वर चढलेली. दुपारच्या भाकरीनंतर चढ होता, पण बेताचा. आठ वर्षं मी उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर तपासत होते आणि हा अकराचा डोंगर एकदाही दिसला नव्हता, कारण त्या वेळी कधी सुई टोचलीच नव्हती. ७० ते १८० च्या पट्ट्यात दिवसाचा निदान ७० टक्के वेळ जावा, असं धरतात. पहिल्या आलेखात माझा ५६ टक्के गेला होता, दुसऱ्यात ६८. एकादशीचं पान वेगळं काढून पाहिलं. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

पहिल्या आलेखात पहाटे दोन-तीनच्या सुमाराला काही रात्री शुगर पन्नाशीला आलेली दिसली आणि माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या कुशीवर झोपता?" डाव्या. सेन्सर डाव्या दंडाला. अंगाखाली दाबला गेला की तिथला द्राव कमी होतो आणि सेन्सर खोटा कमी आकडा दाखवतो. उजव्या दंडाच्या आलेखात पहाटेचा एकही खड्डा नव्हता. सेन्सर रक्तातली शुगर मोजत नाही, कातडीखालच्या द्रावातली मोजतो, म्हणून तो रक्ताच्या पाच-दहा मिनिटं मागेही असतो. घाम आला, कापरं भरलं आणि सेन्सर ९० दाखवतोय, तर बोटातून तपासा.

साताऱ्याच्या डॉक्टरांना मी दोन्ही आलेख दिले. ट्रायलमध्ये मला काय मिळत होतं हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी समोर दिसतंय त्यावरून ठरवलं. दुसरी, जुनी आणि स्वस्त गोळी जोडली, आणि पोह्यांच्या जागी शेंगदाणे-फुटाणे. पोह्यांचं मला जास्त जड गेलं.

मी खऱ्या औषधावर होते की प्लासिबोवर, हे अजून कळलेलं नाही. सगळ्या ठिकाणचे सगळे पेशंट संपून नोंदी कायमच्या बंद झाल्याशिवाय ते सांगत नाहीत आणि काही ठिकाणचे लोक माझ्या मागून आलेले आहेत. मी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. कोऑर्डिनेटर बदलली, नव्या मुलीला फाइल क्रमांकच सांगावा लागतो. परवा फोन केला तेव्हा म्हणाली, "काकू, आलं की मीच कळवते, तुमचा पत्ता तोच आहे ना?" तोच आहे म्हटलं.